कडक गोळी की नरम गोळी

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

रिटायर होताना आगारातून मिळालेली डायरी आज उघडली. लिहायला कारण घडलं आहे.

दिवाळीला अनिता (आमची एकुलती एक, वाशिंदला दिलेली) आणि जावई सुरेंद्र आले होते. अनिताने आईचा खोकला ऐकला. मी तो रोजच ऐकतो. पण तिने ऐकला आणि आज सकाळी आईला थेट शहापूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, चुलीच्या धुराने छाती धरली आहे, चूल बंद करा, नाहीतर पुढचं मी सांगत नाही. डॉक्टर लोक पुढचं कधीच सांगत नाहीत.

अनिताने आईच्या दोन साड्या पिशवीत भरल्या आणि तिला घेऊन गेली. आठ दिवसांसाठी. मी अडवलं नाही. अशा वेळी पुरुषाने शांत राहावं. जाताना सुंदरा, म्हणजे सौ., म्हणाली, "बिनधुराची चूल करा, त्या दिवशी येते." एवढंच. सोपं काम आहे.

अनिता म्हणत होती गॅस घ्या. मी वनखात्याच्या लाकूड आगारात एकतीस वर्षं मोजणीदार होतो. माझ्या घरात गॅस आला तर सापगावात तोंड काय दाखवू? धूर हा लाकडाचा दोष नसतो, लाकूड निवडणाऱ्याचा असतो. (आमच्या घरात आजवर लाकूड मीच निवडलं. तो मुद्दा वेगळा.)

संकल्प: पंधरा दिवसांत बिनधुराचं स्वयंपाकघर.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

काम फत्ते. मुरबाडला कमळूच्या दुकानात वस्तू सापडली. कमळू खत विकतो, बियाणं विकतो, म्हशीची पेंड विकतो आणि आता शेगड्या विकतो. कंपनीची शेगडी आहे. खाली बॅटरीवरचा छोटा पंखा. वरून लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या टाकायच्या, करंगळीच्या पेराएवढ्या. कमळूने दुकानासमोर पेटवून दाखवली. जवळजवळ निळी ज्योत, धूर शून्य. मी तोंड जवळ नेऊन बघितलं. डावी भुवई थोडी गेली.

शेगडी घेतली. मग कमळूने विचारलं, "मामा, गोळी कुठली देऊ? कडक का नरम?" कडक म्हणजे हार्डवुड, सॉ मिलमधल्या साग-ऐनाचा भुसा. नरम म्हणजे सॉफ्टवुड, कारखान्यांत मशिनी ज्या देवदाराच्या खोक्यांतून येतात त्यांचा भुसा. मी म्हटलं, तुझं मत काय. तो म्हणाला, दोन्ही जळतात. हे काय उत्तर झालं? एकतीस वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाला असा प्रश्न काउंटरवर उभ्या-उभ्या विचारायचा नसतो. त्याला बराच वेळ समजावलं. सावर हाताला नरम लागते, तरी शास्त्राने ती हार्डवुडमध्येच येते, वगैरे. मागे गिऱ्हाइकांची लाइन लागली होती. लोकांना इंटरेस्ट होता.

दोन्हींचं एकेक पोतं घेतलं. टेस्टिंग करून निर्णय.

बूथवरून वाशिंदला फोन केला. सुंदराने विचारलं, जेवलात का. मी तिला सागाची आणि देवदाराची घनता सांगितली. फोन मध्येच कट झाला. लाइनचा प्रॉब्लेम असावा.

१८ नोव्हेंबर, रविवार

टेस्टिंगचे नियम ठरवले. एक तांब्या पाणी उकळायला किती मिनिटं. राख किती मुठी. धूर मोजायला शेगडीवर पांढरा रुमाल धरायचा आणि किती काळा होतो ते बघायचं. तीन रकाने आखले. रेघा सरळ आल्या.

सुरुवात झाली नाही. लोडशेडिंग. पंख्याची बॅटरी चार्ज नव्हती. दुपारी लाइट आली तेव्हा मी झोपलो होतो.

जेवण शेजारी रंभावहिनीकडे. थोरला भाऊ गेल्यापासून ती आणि तिची म्हैस, आमच्या भिंतीला भिंत लागून. टेस्टिंग संपेपर्यंत तिच्याकडेच जेवायचं ठरवलं. तिलाही सोबत होते.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

नरम: नऊ मिनिटं. राख दोन मुठी. रुमाल किंचित पिवळा.

कडक: पेटेना. रॉकेल ओतलं, पेटली. रुमालही पेटला. निकाल रद्द.

तसं बघितलं तर नरम चांगली निघाली. पण इतक्या लवकर निकाल लावणं बरोबर नाही. आगारात आम्ही एक ओंडका तीनदा मोजायचो.

फोन केला. सुंदराचं म्हणणं, कुठलीही आणा, धूर नको. बायकांना शास्त्राच्या कामात घाई असते.

२९ नोव्हेंबर

आज काही नाही.

घरात शिरलं की आधी खोकल्याचा आवाज यायचा. त्यावरून ती कुठे आहे ते कळायचं. मोरीपाशी, परसात, चुलीपुढे. आता घर शांत आहे. टेस्टिंगला शांतता चांगली.

४ डिसेंबर, मंगळवार

अनिताचा निरोप: शहापूरला गॅसची नावनोंदणी चालू आहे, रेशनकार्ड घेऊन जा. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

सुंदराला फोन केला. बोलणं नरम गोळीच्या राखेवर गेलं. तिने मध्येच विचारलं, तुमी घरात एकटेच असता ना आता. मी म्हटलं, हो, त्यामुळे टेस्टिंगला जागा भरपूर आहे.

१४ डिसेंबर, शुक्रवार

रंभावहिनी स्वतःच शहापूरला जाऊन गॅससाठी नाव लावून आली. मी तिला समजावलं की गॅसवरच्या भाकरीला चव नसते. ती भाकरी थापत होती, चुलीच्या धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, "भावजी, चव तुमी ठेवा. आमाला डोळं हवंत."

भाकरी चांगली झाली होती. तीन खाल्ल्या.

२३ डिसेंबर, रविवार

पोत्यांमुळे घरात उंदीर झाले. दोन्ही पोती रंभावहिनीच्या गोठ्यात हलवली. तिथे तिच्या गोळीपेंडीचं पोतं दाराशी वाकडंतिकडं पडलेलं होतं. ते भिंतीकडे सरकवलं आणि तिन्ही पोती एका रांगेत लावली. रांग बघून बरं वाटलं. गेरू घेऊन दारापासून नंबर टाकले: एक, दोन, तीन. रांगेत असेल त्या प्रत्येक मालावर नंबर पडलाच पाहिजे, ही आगाराची पद्धत.

डायरीत नोंद: पहिला नंबर नरम, शेवटचा नंबर कडक. एकदा नंबर पडला की माल नंबरावरून ओळखायचा, डोळ्यांनी नाही. डोळे फसवतात.

१ जानेवारी २००८, मंगळवार

संकल्प: संक्रांतीला सुंदरा घरी.

तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "नक्की का?" मी म्हटलं, निकाल हाताशी आला आहे. ती म्हणाली, तीळ आणून ठेवा, लाडू मी तिथेच करीन. आवाज बरा वाटला तिचा. मला पण बरं वाटलं.

६ जानेवारी, रविवार

मोठा दिवस. शेवटच्या नंबरातली कडक गोळी पेटवली. सावकाश जळते, दमाने जळते. आणि वास! गोड, गुळासारखा. असा वास जुन्या शिसवाच्या गाभ्यालाच येत असणार. कमळूला पत्ताच नाही त्याने मला काय विकलं.

पाणी सतरा मिनिटं. कडक लाकूड वेळ घेणारच. रुमाल काळा झाला, पण तो रुमालच जुना आहे.

९ जानेवारी, बुधवार

रंभावहिनीची म्हैस आंबोणाला तोंड लावेना. दूध निम्म्यावर आलं. वहिनी म्हणाली, दाराशीच्या पोत्यातली पेंड भिजवली की फुगते आणि नुसता भुसा होतो. मी गोठ्यात जाऊन पाटीतला भुसा बोटांत चुरून बघितला. देवदार. शंभर टक्के देवदार. हा कमळू पेंडीत लाकडाचा भुसा मिसळतो!

वहिनीला दोन पानी तक्रार अर्ज लिहून दिला. लाकूड कळणारा माणूस शेजारी होता म्हणून चोरी पकडली गेली. ती बिचारी म्हशीलाच दोष देत बसली असती.

तीळ आणायचे राहिले.

१६ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. नोंद करायची म्हणून करतो.

सुंदरा आणि अनिता सकाळी दहाला आल्या. सुंदराचा चेहरा भरला आहे. तीळ नाहीत म्हटल्यावर तिने पिशवीतून लाडवांचा डबा काढला, वाशिंदहूनच करून आणला होता. मग स्वयंपाकघरात जाऊन एकेक भांडं उचलून बघितलं, पुसलं, परत ठेवलं. मी म्हटलं, बस, आता बघ.

शेवटच्या नंबरातली गोळी भरून पेटवली. आधी थोडा धूर आला. मी पंखा फुल केला. त्यामुळे तो घरभर झाला. पिवळा होता. सुंदरा खोकायला लागली. मी म्हटलं, चार मिनिटं थांब, सेट होईल. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. थांबली होती, हे मी लिहून ठेवतो. बाहेर जाऊ शकत होती.

धुराचा वास भिंतीपलीकडे गेला म्हणून रंभावहिनी धावत आली. तिने शेगडीशेजारच्या परातीत हात घातला. म्हणाली, "भावजी, ही माझ्या म्हशीची पेंड हाय." मी म्हटलं, वहिनी, हे शिसव आहे. तिने एक गोळी तोंडात टाकली आणि चावून खाल्ली.

अनिता हसायला लागली. सुंदराला हसता आलं नाही, खोकला थांबत नव्हता. अनिताने तिला ओट्यावर नेऊन पाणी पाजलं. दोनच्या एस.टी.ने दोघी परत गेल्या.

तांत्रिक निष्कर्ष:
तिसऱ्या नंबरचे निकाल रद्द.
म्हैस तीन आठवडे नरम गोळी खात होती. म्हणजे खात नव्हती. जनावराने नरम नाकारली, हा मुद्दा नोंदवण्यासारखा आहे.
कमळूवरचा अर्ज वहिनीने पोस्टात टाकला होता. ती उद्या मुरबाडला जाऊन त्याची माफी मागणार आहे. मी पण कधीतरी जाईन.

लाडू चांगले आहेत. एकच खाल्ला.

१७ फेब्रुवारी, रविवार

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

पंख्याची बॅटरी गेली. कंपनीचा माणूस येतो म्हणाला. मी रोज अकरा वाजता अंगणात खुर्ची टाकून बसतो. माणूस येत नाही, पण ऊन चांगलं मिळतं.

वाशिंदला फोन केला. सुरेंद्रने उचलला. म्हणाला, आई शेजारच्या बायकांबरोबर बाजारात गेल्यात. मागच्या वेळीही बाजारातच गेली होती. वाशिंदला इतका कसला बाजार असतो, कळत नाही. मी त्याला बॅटरीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. जावई चांगला आहे.

२२ मार्च, शनिवार

धुळवड. रंभावहिनीकडे गॅस आला. तिने आधी आपली चूल फोडली, माती परसात नेऊन टाकली, चुलीच्या जागी फळी मारून वर डबे मांडले. मग मला चहाला बोलावलं. चहा चहासारखाच लागला. चहा ही फसवी वस्तू आहे, तिच्यावरून इंधन ठरवू नये.

वहिनी म्हणाली, सुंदराला आणा आता, तिचा स्वयंपाक माझ्या गॅसवर होऊ दे, तुमचं टेस्टिंग तुमच्या घरात होऊ दे. मी म्हटलं, असं कसं, घर वेगळं, चूल वेगळी. वहिनीने चहाचं भांडं परत गॅसवर ठेवलं. मी अजून अर्धा कप घेतला.

२० एप्रिल, रविवार

बॅटरीसाठी शेवटी मीच मुरबाडला गेलो. कमळू अर्जावरून काही बोलला नाही. उलट उसाचा रस मागवला. मीही विषय काढला नाही. झालं ते झालं.

कंपनीने गोळ्या पाठवणं बंद केलं आहे. का, ते त्यालाही माहीत नाही. त्याच्याकडे झाडलोट करून जमवलेलं अर्धं पोतं होतं, कडक आणि नरम एकत्र. म्हणाला, "मामा, मिक्स हाय, घेऊन जा." मी नाही म्हटलं. मिक्सवर टेस्टिंग होत नाही. त्याने विचारलं, मामी कशा हायत. मी म्हटलं, बॅटरी मिळाली की सगळं ठीक होईल. त्याने बॅटरी दिली.

११ मे, रविवार

लागला निकाल!

नंबर दोन. म्हणजे खरी कडक. गोळ्या दोन दिवस उन्हात घातल्या, वर बोटभर रॉकेल, पंखा आधी मंद मग फुल. अकरा मिनिटं. राख एक मूठ. रुमाल पांढरा. दारात उजेडाला नेऊन तीनदा बघितला, पांढराच. रंभावहिनीला दाखवला, तीही म्हणाली पांढरा हाय.

निर्णय: कडक. हार्डवुड. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. (डायरीत तसं लिहिलेलं सापडलं नाही, पण मनात होतं.)

पोत्यात वीसएक दिवसांचा माल आहे. पुढचं पुढे. फोन केला नाही. हे काम समक्ष जाऊनच करायचं.

१८ मे

उन्हाळा फार. पुढच्या रविवारी जाऊ.

२५ मे

इस्त्रीचा शर्ट सापडला नाही. तो कुठे असतो ते तिला माहीत.

१ जून, रविवार

वाशिंदला जाऊन आलो.

रुमाल घडी करून खिशात नेला होता, पुरावा म्हणून. बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा सुंदरा वर गॅलरीत बसली होती. शेजारच्या दोघी होत्या, तिघी तांदूळ निवडत होत्या. एक बाई काहीतरी बोलली आणि सुंदरा हसली. मी खालीच थांबलो. घरी ती हसली की लगेच खोकला यायचा, हसणं अर्ध्यावरच राहायचं. आज ते पुरं झालं. नंतर तिने पदराने डोळे पुसले आणि परत हसली. मला वर जायला थोडा वेळ लागला.

वर गेल्यावर शेजारणी उठून गेल्या. मी सगळं नीट सांगितलं. कडक ठरली, अकरा मिनिटं, एक मूठ राख, धूर नाही, पिशवी भर. रुमाल दिला. तिने तो उलटा-सुलटा करून बघितला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

"सात महिने व्हायला आले," ती म्हणाली. "इतके फोन केलेत. खोकला कसा हाय, एकदा तरी इचारलंत?"

मी लगेच विचारलं. म्हटलं, कसा आहे?

"गेला," ती म्हणाली. "होळीच्या आधीच गेला."

रागात नव्हती. रागात असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. अनिताने चहा आणला. मी चहा पीत मनात मोजत बसलो: मार्च, एप्रिल, मे. मग म्हटलं, खोकला गेला, धूर गेला, मग चल की. ती म्हणाली, "आता नाय." कधी, ते मी विचारलं नाही. तिने विचारलं, जाऊबाई वेळेवर जेवायला देतात ना. मी म्हटलं, देते. ती खाली गेटपर्यंत सोडायला आली. तीन जिने भराभर उतरली, दम लागला नाही. दम मलाच लागला.

रुमाल तिच्याकडेच राहिला. मागितला नाही.

एस.टी.त खिडकीशी बसलो. शहापूर येईपर्यंत वाटत होतं की आता रडायला येईल. आलं नाही. उतरून पायी घरी आलो.

२ जून, सोमवार

सकाळी शेगडी काढली नाही. परसातली हाताला येतील ती लाकडं आणून चुलीत घातली आणि चहा ठेवला. लाकूड कुठलं होतं ते बघितलं नाही. धूर बराच झाला. खोकला आला. थांबेना, भिंतीला हात टेकून उभा राहिलो.

पलीकडून रंभावहिनीने भिंतीवर थाप मारली. "भावजी, बरं हाय ना?"

मी म्हटलं, टेस्टिंग चालू आहे.